आरोग्याचे प्रश्न: खानावळीतले जेवण आणि इन्सुलिनची वेळ

मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. गेल्या काही आठवड्यांतल्या पत्रांमध्ये मात्र एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आढळली: घरी सगळे जमते, पण बाहेर जेवायचे म्हटले की इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचे हे कळत नाही. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरांत मात्रेचे जे आकडे येतात ते हिशेब कसा मांडावा हे दाखवण्यापुरते आहेत. प्रत्येकाची मात्रा त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायची असते.

प्रश्न: मी वेंगुर्ल्याचा, वय ३१. मासळीचा व्यवसाय आहे आणि गाडीबरोबर मालवण, देवगड, कधी कधी रत्नागिरीपर्यंत जावे लागते. दोन महिन्यांपूर्वी सतत तहान लागणे, वजन झपाट्याने उतरणे असा त्रास होऊन टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. रात्री झोपताना ग्लार्जिन हे संथ इन्सुलिन आणि तिन्ही जेवणांआधी अस्पार्ट हे जलद इन्सुलिन अशी चार इंजेक्शने चालू आहेत. दहा ग्रॅम कर्बोदकांना (म्हणजे जेवणातल्या पिष्टाला आणि साखरेला) एक युनिट असे प्रमाण डॉक्टरांनी दिले आहे. घरी बायको वाटीने मोजून वाढते, त्यामुळे अडचण येत नाही. पण एकदा मालवणच्या एका खानावळीत ऑर्डर दिल्याबरोबर मी इंजेक्शन घेतले, ताट यायला पाऊण तास लागला आणि तोवर दरदरून घाम फुटून हात थरथरू लागले. तेव्हापासून बाहेर जेवणे बंद केले आहे. डबा संपला तर उपाशी राहतो, आणि जेवलो नाही म्हणून त्या रात्रीचे इंजेक्शनही कधी कधी घेत नाही. इन्सुलिनचे पेन मासळीच्या बर्फाच्या पेटीतच ठेवतो. बाहेर जेवायची वेळ आली तर नेमके काय करावे?

उत्तर: त्या दिवशी जे झाले त्यात दोष खानावळीचा नव्हता आणि इन्सुलिनचाही नव्हता, दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत, एवढेच. अस्पार्ट, लिस्प्रो, ग्लुलिसिन ही जलद इन्सुलिने टोचल्यापासून दहा ते पंधरा मिनिटांत कामाला लागतात, एक ते दोन तासांत त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि तीन ते पाच तासांत तो ओसरतो. आपल्याकडच्या चांगल्या खानावळीत मात्र सुरमईची तुकडी तुम्ही सांगितल्यावर मसाल्यात घोळवली जाते, वडे तुम्ही बसल्यावर थापले जातात, आणि सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांची गर्दी असेल तर तुमच्या आधी आलेली माणसेही ताटाची वाट पाहत असतात. पोटात एक घासही गेलेला नसताना इन्सुलिनने रक्तातली साखर उतरवायला सुरुवात केली की घाम आणि थरथर ठरलेलीच.

तेव्हा बाहेर जेवताना ऑर्डर दिल्यावर नव्हे, तर ताट समोर आल्यावरच सुई घ्या. घरी जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी इंजेक्शन घेणे योग्यच आहे, कारण तिथे पानावर कधी बसायचे हे तुमच्या हातात असते. बाहेर ती दहा मिनिटे सोडून द्यावीत. त्यामुळे जेवणानंतरच्या तपासणीत साखर घरच्यापेक्षा थोडी चढलेली दिसेल, पण निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते चालवून घ्यावे. थोडी चढलेली साखर पुढच्या काही तासांत आटोक्यात आणता येते. घाटात गाडी चालवताना साखर एकाएकी उतरली तर तेवढी सवड मिळत नाही. ताट समोर आले, पण किती जेवाल याचीच खात्री नसेल, किंवा जेवण एकामागून एक असे हळूहळू येणार असेल, तर खात्रीने जेवाल तेवढ्यापुरती मात्रा आधी घेऊन उरलेली जेवण संपताच घेता येते. असे दोन भाग करण्याची मुभा फक्त जलद इन्सुलिनला आहे, आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून ती पक्की करून घ्या. पुढच्या पत्रातल्या सासूबाईंचे इन्सुलिन वेगळे आहे. त्यांना ही सवलत नाही.

रात्रीच्या ग्लार्जिनची गोष्ट निराळी आहे आणि तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक काळजी वाटली ती हीच. ग्लार्जिन जेवणासाठी नसते. यकृत रात्रंदिवस रक्तात थोडी थोडी साखर सोडत असते, तिला आवर घालण्यासाठी ते असते. म्हणून एखादे जेवण चुकले तर त्या जेवणाचे अस्पार्ट वगळायचे, ग्लार्जिन नाही. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही. अशा वेळी ग्लार्जिन थांबवले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्ले) साठून माणूस दवाखान्यात पोहोचू शकतो. बाहेरचे काही बाधून उलट्या-जुलाब झाले तरी हाच नियम लागू आहे: ग्लार्जिन चालू ठेवायचे, साखर दर दोन-तीन तासांनी पाहायची, पाणी घोट घोट घेत राहायचे. साखर २५० च्या वर राहून पोटात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा श्वास खोल आणि जोरात चालला असेल, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

आता ताटाकडे वळू. मालवणी ताटातल्या बऱ्याच गोष्टींना मोजावेच लागत नाही. तळलेला बांगडा, पापलेट, तिसऱ्यांचे सुके, माशाची आमटी, कोंबडीचा रस्सा यांत कर्बोदके अगदी थोडी असतात. तुकडीवरच्या रव्याचे किंवा तांदळाच्या पिठाचे चार-पाच ग्रॅम धरले तरी पुरे. सोलकढी आगळ आणि नारळाच्या दुधाची असेल तर ती निर्धास्त प्या, फक्त साखर घातली आहे का ते विचारा. कोकम सरबताला मात्र हा न्याय लावू नका, कारण त्यात एका पेल्याला वीस-पंचवीस ग्रॅम साखर सहज असते.

मोजायचे ते भात, भाकरी, वडे, घावन, पाव आणि गोड. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे घरची साधारण वाटी भरून भात तीस ग्रॅमच्या आसपास जातो. खानावळीतली मूद दाबून भरलेली असते. ती दीड वाटी, कधी दोन वाट्याही निघते. पन्नास ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत चाळीसेक ग्रॅम, तळहाताएवढ्या वड्यात पंधरा ते वीस, एका पातळ घावनातही जवळपास तेवढेच, आणि एका पावात पंधराच्या जवळपास. उकड्या तांदळाचा भात मधुमेह्याला मोजावा लागत नाही, असे आपल्याकडे पुष्कळ लोक सांगतात, पण तसे नाही. त्याने साखर थोडी सावकाश चढत असेल, परंतु इन्सुलिनचा हिशेब वजनावरच करायचा. सकाळच्या पेजेचेही तसेच. ती पातळ दिसते, पण तिच्यातला तांदूळ मऊ शिजलेला असल्याने साखर लवकर चढते.

तुमच्या प्रमाणाने हिशेब असा होईल. एक भाकरी ४० ग्रॅम, मुदीचा दीड वाटी भात ४५ ग्रॅम आणि सुरमईवरचा रवा ५ ग्रॅम मिळून ९० ग्रॅम होतात, म्हणजे ९ युनिट. त्याऐवजी कोंबडी-वडे घेतले, वडे चारच खाल्ले आणि भात घेतला नाही, तर प्रत्येकी १८ ग्रॅम धरून ७२ ग्रॅम, म्हणजे ७ युनिट. या हिशेबात चूक होते ती बहुधा आकड्यांत नव्हे, आग्रहात. वाढणारी बाई भाताचे पातेले घेऊन पुन्हा येते, आमटी उत्तम झालेली असते आणि आपण मान हलवतो. वड्यांचा आणि भाताचा आकडा इंजेक्शन घेण्याआधी ठरवावा आणि ठरवला तेवढाच खावा. राहवले नाहीच, तर वाढून घेतलेल्या भाताचे युनिट लगेच घ्यावेत, दोन तासांनी नाही. नजर तयार व्हावी म्हणून आठवडाभर घरी भात, भाकरी आणि वडे छोट्या वजनकाट्यावर ठेवून पाहा. बायको वाटीने मोजते हे उत्तमच आहे, पण वाटी खानावळीत बरोबर येत नाही, नजर येते.

कोंबडी-वड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून असा. तेल आणि खोबऱ्याचे वाटण पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे अशा जेवणानंतर दोन तासांनी साखर छान दिसते आणि चौथ्या-पाचव्या तासाला ती चढलेली सापडते. दुपारी दोनला वडे जेवून चार वाजता १३० आणि रात्री जेवणाआधी २४० असे आकडे दिसले, तर ग्लुकोमीटर बिघडला असे समजू नका. पहिल्या काही वेळा दोन तासांनी आणि पुन्हा पाच तासांनी अशी दोनदा साखर पाहून वहीत नोंद ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. अशा जेवणासाठी मात्रेचे दोन भाग कसे करायचे हे त्या नोंदींवरून ठरवता येते. मधल्या काळात मात्र साखर जास्त दिसली म्हणून तासा-दोन तासांनी पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेऊ नका. आधीच्या मात्रेचा जोर तीन-चार तास शिल्लक असतो, तिच्यावर दुसरी चढली की दोघी मिळून रात्री साखर पार खाली नेतात.

निदानाला दोनच महिने झाले आहेत म्हणून हेही सांगतो: इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत स्वादुपिंडाच्या उरलेल्या पेशी थोड्या सावरतात आणि इन्सुलिनची गरज काही काळ घटते. मागच्या महिन्यात बरोबर बसलेली मात्रा या महिन्यात जास्त ठरू शकते. विनाकारण साखर वारंवार ७० च्या खाली जाऊ लागली तर डॉक्टरांना लगेच कळवा. आजार बरा झाला असे समजून इन्सुलिन बंद करू नका.

साखर उतरल्याची शंका येताच आधी ती तपासा. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर तपासण्याची वाट न पाहता उपाय करा. साखर ७० च्या खाली असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची: तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा अर्धा पेला साधे, डाएट नसलेले थंड पेय. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, अजून कमी असेल तर तेवढेच पुन्हा घ्यायचे, आणि साखर वर आल्यावर काहीतरी खाऊन घ्यायचे. अशा वेळी खाजा, लाडू किंवा चॉकलेट उपयोगाचे नाही. तुपातेलामुळे त्यातली साखर उशिरा चढते. शहाळे पौष्टिक खरे, पण एका शहाळ्यात साखर साधारण दहा ग्रॅमच असते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. साखरेची पुडी गाडीच्या कप्प्यात नको, खिशात हवी. गाडी सुरू करण्यापूर्वी साखर ९० च्या खाली असेल तर आधी थोडे खाऊन, ती चढल्याची खात्री करूनच निघा.

राहिली बर्फाची पेटी. हे आजच बंद करा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते, पण ते गोठले की कायमचे बाद होते, मग वितळल्यावर दिसायला कितीही स्वच्छ असो. मासळीच्या पेटीतला बर्फ शून्य अंशाचा असतो आणि मीठ पडले तर त्याहूनही थंड होतो. त्यात रुतवून ठेवलेले पेन गोठायला वेळ लागत नाही. आता जवळ असलेली कार्ट्रिज (पेनातली इन्सुलिनची नळी) टाकून नवी वापरा, कारण बिघडलेल्या इन्सुलिनवर हिशेब कितीही बरोबर केला तरी साखर ऐकणार नाही. वापरात असलेले पेन साधारण तीस अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते. तुमच्या पेनाची नेमकी मुदत वेष्टनावर पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, म्हणून पेन डॅशबोर्डवर नको. गार पाण्यात भिजवून वापरायच्या इन्सुलिनच्या पिशव्या औषधांच्या दुकानांत मिळतात. ती पिशवी नसेल तर पेन जाड सुती फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, बर्फापासून आणि उन्हापासून लांब ठेवा.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीला राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. बरीच वर्षे गोळ्यांवर होत्या, गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ३०/७० मिश्र इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ सुरू केले. बाटलीतून सिरिंजने देते. व्होग्लिबोजची गोळीही चालू आहे. पुढच्या महिन्यात चिपळूणला लग्न आहे, मुहूर्त १२.३० चा, म्हणजे पंगत दोनच्या आधी बसणार नाही, आणि रात्री परतीच्या गाडीत जेवायला दहा वाजतील. माझे यजमान म्हणतात, त्या दिवशी इन्सुलिनच देऊ नये. तसे चालेल का?

उत्तर: तसे करू नये. दिवसभर साखर तीनशेच्या पुढे राहिली तर लग्नाच्या धावपळीत त्यांना पाणी कमी पडेल, थकवा येईल आणि दुसरा दिवसही वाया जाईल. इन्सुलिन द्यायचे, पण त्यासाठी ते कसे काम करते हे आधी लक्षात घ्यावे लागेल.

३०/७० मध्ये दोन इन्सुलिने एकत्र असतात. तीस टक्के भाग साधे इन्सुलिन. ते अर्ध्या तासाने कामाला लागते, म्हणूनच जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगतात. सत्तर टक्के भाग संथ. सकाळी आठला दिलेल्या इन्सुलिनचा हा भाग दुपारच्या सुमारास जोरात असतो. याचा अर्थ, दुपारच्या जेवणाचे इन्सुलिन सकाळीच शरीरात जाऊन बसलेले आहे आणि ते पंगतीसाठी थांबणार नाही. वरच्या पत्रातल्या तरुणाचे इन्सुलिन जेवणाच्या मागे जाते. सासूबाईंना इन्सुलिनच्या मागे जेवायचे आहे.

म्हणून सकाळचे इन्सुलिन आणि न्याहारी नेहमीप्रमाणे होऊ द्या, आणि त्यांच्या रोजच्या जेवणाच्या वेळी, साधारण एक वाजता, त्यांना बाजूला बसवून घरून नेलेली भाकरी-भाजी किंवा दोन इडल्या खायला द्या. मंगलाष्टका चालू असताना खाणे त्यांना प्रशस्त वाटणार नाही, तेव्हा आधीच समजावून सांगा. यजमानांनी सांगितले तर त्या लवकर ऐकतील. नंतर पंगतीत त्या सर्वांबरोबर बसल्या तरी पुन्हा पूर्ण जेवण नको. आमटी, भाजी, कोशिंबीर आणि घासभर भात पुरे. जिलबी किंवा श्रीखंड खाल्ले म्हणून सिरिंजमध्ये दोन युनिट वाढवायचे हा उपाय मिश्र इन्सुलिनला चालत नाही. वाढवलेल्या मात्रेचा सत्तर टक्के भाग अनेक तासांनी काम करणार आणि तोवर जिलबी केव्हाच पचून गेलेली असणार. गोडाचा एक घास चवीपुरता घ्यावा आणि तेवढ्यावर थांबावे.

रात्रीसाठी गाडीतल्या जेवणावर विसंबू नका. गाडीला उशीर झाला तर सगळाच हिशेब चुकतो. डबा बरोबर असू द्या आणि तो हातात असेल तेव्हाच इन्सुलिन द्या. जमल्यास स्टेशनवर जाण्यापूर्वी, त्यांच्या नेहमीच्या वेळेच्या जवळपास इन्सुलिन देऊन त्यांना जेवू घाला. ते दहा वाजता गाडीत जेवण्यापेक्षा पुष्कळ बरे. उशीर टळतच नसेल तर रात्रीची मात्रा कमी करायची का, हे डॉक्टरांना लग्नाआधीच विचारून कागदावर लिहून घ्या. त्या रात्री झोपण्यापूर्वी साखर पाहाच.

बाटलीतले मिश्र इन्सुलिन दुधासारखे दिसते. देण्यापूर्वी बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू दहा-वीस वेळा फिरवा, जोराने हलवू नका. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या, असतात आणि त्यांना लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. प्रवासात सिरिंज विसरली आणि दुकानातून नारिंगी टोपणाची १०० ची आणली, तर तिच्या दहाच्या रेघेपर्यंत भरलेल्या इन्सुलिनमध्ये प्रत्यक्षात चारच युनिट जातील. उलट १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर अडीचपट इन्सुलिन जाईल, आणि ते जिवावर बेतू शकते. घरच्या चार सिरिंज पिशवीत आधीच टाकून ठेवा.

व्होग्लिबोजबद्दल तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. ही गोळी साखरेचे आतड्यात होणारे विघटन मंदावते, त्यामुळे साखर उतरली असता चहाच्या डब्यातली साखर दिली तर ती वेळेवर चढत नाही. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातली साधी ग्लुकोज पावडर बरोबर ठेवा आणि तीच द्या. उतारवयात साखर कमी झाल्यावर घाम किंवा थरथर दिसेलच असे नाही. माणूस एकदम चिडतो, असंबद्ध बोलतो किंवा पेंगू लागतो. लग्नघरात 'दमल्या असतील' म्हणून कोणी त्यांना झोपवून ठेवू नये, आधी बोटाला टोचून साखर पाहावी.

प्रश्न: जेवणाबरोबर थोडे मद्य घेतले तर इन्सुलिन वाढवावे का? (सावंतवाडीहून एक वाचक)

उत्तर: वाढवू नये. मद्य पचवण्यात गुंतलेले यकृत रक्तात साखर सोडण्याचे काम बाजूला ठेवते, त्यामुळे साखर कित्येक तासांनी, बहुधा झोपेत किंवा पहाटे उतरते. त्यात इन्सुलिनची भर घातली तर धोका दुणावतो. शिवाय तोंडाला वास येत असेल तर साखर उतरून कोसळलेल्या माणसालाही लोक दारुडा समजून पडू देतात. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, मात्रा बसेपर्यंत, मद्य पूर्ण टाळावे असेच माझे मत आहे. ज्यांना ते टाळायचे नाही त्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये, भात-भाकरी वगळू नये, झोपण्यापूर्वी साखर पाहावी आणि सोबतीच्या माणसाला आजाराची कल्पना द्यावी.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे, गाव गुहागर तालुक्यात, शिकायला चिपळूणला असते. तीन महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेह झाल्याचे कळले. जेवणाआधी लिस्प्रो आणि रात्री ग्लार्जिन घेते. गणपतीत आम्ही वाडीतल्या घराघरांत आरतीला जातो आणि प्रत्येक घरी करंजी, लाडू, उसळ, चहा असे काहीतरी असतेच. नाही म्हटले तर माणसांना वाईट वाटते. प्रत्येक घरी सुई घ्यायची का? आजी म्हणते, पुढे लग्न जमायचे आहे, कोणाला कळू देऊ नकोस. म्हणून मागे एका हॉटेलात मी शौचालयात जाऊन इंजेक्शन घेतले.

उत्तर: प्रत्येक घरी सुई नको. पाऊण-पाऊण तासाने घेतलेले दोन-तीन युनिट एकमेकांवर चढत जातात आणि शेवटच्या घरातून निघताना किंवा रात्री झोपेत सगळे मिळून साखर खाली ओढतात. त्याऐवजी संध्याकाळच्या फेरीत एकच घर खाण्यासाठी ठरव. जिथे तुझ्या आवडीचे काही असेल किंवा जिथली माणसे जवळची असतील, ते घर. तिथे बसून एक करंजी आणि वाटीभर उसळ खा, करंजीचे पंधरा-वीस आणि उसळीचे साधारण तेवढेच ग्रॅम धरून एकदाच इंजेक्शन घे. बाकीच्या घरी खिरापत चिमूटभर हातावर घे, चहा बिनसाखरेचा माग, आणि लाडू कागदात बांधून मागून घे. घरी नेतो म्हटल्यावर कोणी रागावत नाही. प्रसाद नाकारलेला नसतो. हे लाडू दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हिशेबात धरून खाता येतात.

दुपारच्या नैवेद्याच्या पानाचे तंत्र सोपे आहे. उकडीच्या एका मोदकात गूळ आणि उकड मिळून वीस ते पंचवीस ग्रॅम कर्बोदके असतात. दोन मोदक खायचे असतील तर भात एका वाटीने कमी घे आणि सगळ्या पानाचे इन्सुलिन पान वाढल्यावर एकदम घे. मोदक वर्षातून एकदाच होतात, भात रोज असतो. तुझ्या जागी मी भातच सोडला असता. रात्री फुगड्या किंवा नाच असेल तर लक्षात ठेव, की इंजेक्शनचा जोर असताना अंगाला व्यायाम झाला तर साखर नेहमीपेक्षा जास्त उतरते, आणि तो परिणाम पहाटेपर्यंत टिकू शकतो. त्या रात्रीच्या जेवणाची मात्रा किती कमी करायची हे डॉक्टरांकडून आधीच समजून घे आणि झोपण्यापूर्वी साखर पाहा.

शौचालयात पुन्हा जाऊ नकोस. तिथे हात ओले असतात, उजेड कमी असतो, पेन ठेवायला जागा नसते आणि घाईत आठाच्या जागी अठरा फिरवले तरी कळत नाही. टेबलाशी बसल्या बसल्या कुर्त्याची कड जराशी उचलून पोटावर घेतलेले इंजेक्शन शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही दिसत नाही. दोन युनिट हवेत सोडून सुई चालते का पाहायचे, मात्रा लावायची, टोचायचे, दाबून दहापर्यंत मोजायचे, सुई काढायची; एवढेच काम आहे. वापरलेली सुई ताटात किंवा केळीच्या पानावर टाकू नये, ताट उचलणाऱ्याच्या हाताला ती लागते. एक जाड प्लास्टिकची रिकामी बाटली पर्समध्ये ठेव आणि ती भरली की तुझ्या दवाखान्यात नेऊन दे.

आजी हे काळजीपोटी बोलतात, पण त्यांचा सल्ला तू पाळू नयेस असे मला स्पष्टपणे वाटते. तुझ्या बरोबर असलेल्या एकालाही तुझा आजार माहीत नसेल, तर तू बोलण्याच्या स्थितीत नसताना तुला कोण वाचवणार? लग्नाची बोलणी होतील तेव्हाही ही गोष्ट लपवून सुरुवात करणे तुझ्याच वाट्याला त्रास आणील. दिवसाला चार इंजेक्शने सासरी कोणापासून आणि किती दिवस लपवणार? आजीला एकदा डॉक्टरांकडे बरोबर ने, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू दे. आणि गणपतीला निघण्यापूर्वी तुझ्या चुलत बहिणीला किंवा मैत्रिणीला तीन गोष्टी दाखवून ठेव: ग्लुकोजची पुडी पर्सच्या कुठल्या कप्प्यात आहे, तू शुद्धीवर असताना ती किती द्यायची, आणि तू शुद्धीवर नसलीस तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. वाडीपर्यंत रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर गाडी कोणाची आणि जवळचा दवाखाना कुठला, हेही त्याच वेळी ठरवून ठेवा. साखर फार उतरून माणूस बेशुद्ध पडला तर देण्याचे ग्लुकॅगॉन नावाचे औषध असते; ते तुझ्या भागात मिळेल का आणि घरी ठेवावे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचार.